सगळ्यांच्या ओळखीची गाडी

आमची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. सायलेन्सर बदलून झाला, इंजिन उतरवून झालं, तरी तिचा घसा बसल्यासारखा आवाज काही गेला नाही. चिंचवडला आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या यजमानांनी ती पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टरांनीही ती बरीच वर्षं वापरलेली होती. काळपट हिरवा रंग, गोल पाठ, स्टिअरिंगलाच लावलेला गिअरचा दांडा, आणि चालवणाऱ्याच्या शेजारचा दरवाजा फक्त बाहेरून उघडणारा. साठ सालानंतरचे ते दिवस. मुंबई-पुणे रस्त्याला एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहत होते, पण स्वतःची मोटार असलेली माणसं आमच्या बाजूला अगदी मोजकी होती.

हे एका कारखान्याच्या मशीनशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून लागले आणि पुढे त्याच विभागाचे मॅनेजर झाले. मी शाळेत शिकवत होते. यांच्या बरोबरीच्या लोकांनी नव्या गाड्यांसाठी नावं नोंदवली, वर्षानुवर्षं वाट पाहिली, गाड्या आल्या तसे पेढे वाटले. हे मात्र दर रविवारी बनियनवर बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. मी नव्या गाडीचा विषय काढला की म्हणायचे, "हिची सगळी दुखणी मला पाठ आहेत. नवीचं काय होतंय, मला काय कळणार?"

मलाही त्यांनी याच गाडीवर शिकवलं. निगडीला प्राधिकरणाचे प्लॉट तेव्हा नुसते दगड रोवून आखलेले होते. त्या मोकळ्या माळावर मी गाडी फिरवायची आणि हे शेजारी बसून सांगायचे, "दुसरा गिअर निसटतो, दांडा धरून ठेव. इंजिन बंद पडू देऊ नकोस. गरम असताना पडलं तर हँडल मारूनसुद्धा लवकर उठत नाही."

त्यांच्या विभागातल्या कामगारांच्या घरी ही गाडी कितीतरी वेळा गेली. कुणाचं लग्न निघालं, कुणाचा हात मशीनमध्ये सापडला, कुणाच्या आईला पुण्याला न्यायचं झालं, की गाडी जायची. त्यामुळे शिफ्ट सुटताना सायकलींच्या गर्दीतसुद्धा तिला बाजूला होऊन वाट मिळायची.

सत्तरनंतरची वर्षं सरत आली तेव्हा कारखान्यात संप झाला. काही माणसांना कामावरून कमी केलं होतं, तिथून सुरुवात झाली. बोलणी फिसकटली, गेट बंद झालं, आणि गेटसमोर मांडव पडला. अधिकाऱ्यांनी रोज आत जायचं असा हुकूम होता. त्यांच्यासाठी खिडक्यांना जाळी मारलेली बस ठेवली होती, पुढे पोलिसांची गाडी. हे त्या बसमध्ये बसायला तयार नव्हते.

"जाळीच्या आड बसून मी माझ्याच माणसांसमोरून जाऊ?" ते म्हणाले.

"ती सध्या तुमची माणसं नाहीत," मी म्हटलं.

पहिले काही दिवस गाडीला वाट मिळाली. घोषणा व्हायच्या, पण माणसं सरकायची. मग एके दिवशी हे दुपारीच परत आले. शेजारच्या दरवाजाची काच फुटून आत सांडली होती. शर्टाच्या कॉलरमधून मी काचेचे बारीक तुकडे काढत होते. हे मान खाली घालून बसले होते.

"गाडी विकून टाका," मी म्हटलं. "नाहीतर कुठेतरी आडोशाला तरी ठेवा. गावात कुणालाही विचारा, ही कुणाची गाडी ते सांगतील."

"म्हणजे दुसरी गाडी घेतली तर मला कुणी ओळखणार नाही, एवढंच ना?" ते म्हणाले. "मला कुणी ओळखू नये असं मी काय केलंय?"

तरी दुसऱ्या दिवशी ते बसनं गेले. फुटलेल्या काचेच्या जागी मी पुठ्ठा बसवला आणि गाडी दारात उभी राहिली.

त्यानंतर प्रकरण चिघळतच गेलं. रस्त्यावर एक बस जाळली गेली. लाठीमार झाला. अधिकाऱ्यांना आतच मुक्काम करायला सांगितलं, आणि हे एका पिशवीत कपडे भरून गेले ते बरेच दिवस परत आलेच नाहीत. शेजारच्यांच्या फोनवर कधीतरी निरोप यायचा, तेवढाच. शाळेतून येताना मी रोज आधी गाडीकडे बघायची, जागेवर आहे की नाही, धड आहे की नाही.

संपाला पाठिंबा म्हणून एके दिवशी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात बंद पुकारला. बस नाही, रिक्षा नाही, दुकानं बंद, शाळेलाही सुट्टी. दुपारी दार वाजलं. उघडलं तर यांच्याच विभागातला एक कामगार उभा. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तो आमच्याकडे यायचा. आता तो संपाच्या कमिटीत होता; मांडवात उभं राहून बोलताना मी त्याला पाहिलं होतं. मी दार अर्धंच उघडं ठेवलं.

"साहेब घरी नाहीत," मी म्हटलं.

"साहेब आत हायेत, ठावं हाय मला. साहेबांकडं न्हाई आलो, बाई. गाडीसाठी आलोय."

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर ती जळालेली बस उभी राहिली. गाडी दारातून बाहेर काढायची आणि पेटवायची, असा काही बेत तर नसेल, असं मनात येऊन गेलं. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"बायको अडलीय," तो म्हणाला. "सकाळपासनं कळा येत्यात. मूल पायाळू हाय म्हणून सुईणीनं हात टेकले. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणती. कशातनं नेऊ? रस्ता आमीच बंद केलाय."

समोरच्या गॅलरीतून शेजारीणबाई बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली, जाऊ नका म्हणून.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"तुमाला येती की. बघितलंय मी."

मी चावी घेतली. धीर होता म्हणून घेतली असं म्हणवत नाही. दारात उभ्या माणसाला नाही म्हणायला शब्दच सापडला नाही, एवढंच खरं.

त्याची खोली चाळीत होती, आमच्या घरापासून फार लांब नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटईवर त्याची बायको. ओठ दातांत धरून पडली होती. आवाज करत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू बसली. तो पुढे, माझ्या शेजारी, पुठ्ठ्याच्या बाजूला.

हमरस्ता रिकामा होता. इतका मोकळा रस्ता मी कधीच पाहिला नव्हता. टायर जाळल्याचे काळे डाग आणि दगड, बस्स. पुण्याला जायचं तर कारखान्याच्या गेटवरूनच जावं लागणार होतं. पिंपरी जवळ आली तशी पुढची गर्दी दिसली, आणि गर्दीला आमचा आवाज ऐकू गेला. माणसं वळून बघायला लागली. काहीजण रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"तुम्ही खाली वाका," मी त्याला म्हटलं. "पुठ्ठ्यामुळे कुणाला दिसणार नाही."

"मी दिसलो तर गाडी सोडतील," तो म्हणाला. "न्हाई दिसलो तर फोडतील."

पण लगेच काही तो हलला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिला. मला तेव्हा उमगलं नाही, की साहेबाच्या गाडीत बसलेला दिसणं म्हणजे त्याच्यासाठी काय होतं. मी दुसऱ्या गिअरवर आले, डाव्या हातानं दांडा दाबून धरला. बॉनेटवर दणकन एक दगड आदळला. मागे त्याची बायको पहिल्यांदाच ओरडली.

त्यानं पुठ्ठा ओरबाडून काढला, हात बाहेर घालून दरवाजा उघडला आणि चालत्या गाडीतून खाली उतरला. पुढे जाऊन एक हात बॉनेटवर ठेवून तो चालायला लागला. मी त्याच्या पावलांच्या वेगानं गाडी नेत होते. इंजिन धडधडत होतं, आत्ता बंद पडतंय की काय असं प्रत्येक हिसक्याला वाटत होतं. दोन्ही बाजूंनी चेहरे काचेपर्यंत आले होते.

"साहेबाची बाई पळून चाललीया," कुणीतरी म्हणालं.

एक तरुण पोरगा त्याच्या समोर आला. "दादा, तुमी या गाडीत?"

"बायको हाय आत. बघायचं तर बघ."

त्या पोरानं खरंच वाकून आत बघितलं आणि तोंड फिरवून माणसांना मागे ढकलायला लागला. वाट होत गेली. पण गर्दी संपता संपता मागून एक आवाज आलाच, "कमिटीवाल्याला साहेबाची गाडी बरी मिळती." तो ऐकून त्याचा बॉनेटवरचा हात जरासा उचलला गेला, आणि पुन्हा टेकला.

गर्दीच्या पुढे पोलीस होते. आम्ही सुटलो असं वाटून, त्याला आत घेऊन मी तिसरा गिअर टाकणार, तोच एका हवालदारानं काठी आडवी धरली. फौजदार आले. त्यांनी आत बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"हा कमिटीतला ना? याला आम्ही शोधतोय."

मी म्हटलं, "साहेब, त्यांची बायको अडलीय. हॉस्पिटलपर्यंत तरी येऊ द्या."

"बाईंना जाऊ द्या. याला इथंच घ्या."

त्यानं वाद घातला नाही. दरवाजा बाहेरून नीट लावला, मागच्या खिडकीतून बायकोच्या कपाळावर हात ठेवला, आणि मला म्हणाला, "जावा, बाई. बंद पाडू नका."

कासारवाडी, दापोडी, नदीवरचा पूल, काही काही आठवत नाही. आठवतो तो माझा डावा हात, दांडा धरून धरून बधिर झालेला, आणि मागे सासूचा एकसारखा आवाज, "आता आलंच, आता आलंच." हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा मला खाली उतरता येईना.

ऑपरेशन करून मुलगी झाली. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचंच सांगता आलं नसतं. मुलीचा बाप त्या वेळी चौकीत होता. त्याला निरोप कसा पोचवायचा ते मला कळत नव्हतं. शेवटी परतताना मी गेटजवळच गाडी थांबवली. दुपारचा तो तरुण पोरगा तिथेच होता. त्याला म्हटलं, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. कुणाकरवी तरी कळवा." त्यानं मान हलवली. या वेळी कुणी दगड मारला नाही, पण कुणी बोललंही नाही.

काही दिवसांनी हे घरी आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. जेवण झालं. मग म्हणाले, "वरून विचारणा झाली. कमिटीतल्या माणसाला तुमच्या गाडीतून कसं नेलं म्हणून. मी सांगितलं, मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"तर मी तुला जाऊ दिलं नसतं," ते म्हणाले. "घाबरलो असतो मी."

पुढे संप मिटला. बहुतेकांना परत घेतलं. त्याला घेतलं नाही. यांनी त्याच्यासाठी वर दोनदा शब्द टाकला. दुसऱ्यांदा टाकल्यावर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे, असं यांनाच विचारलं गेलं. पुढे यांचीही बढती त्याच खुर्चीवर अडली. तिकडे कमिटीतल्या लोकांनीही त्याच्यासाठी भांडायला फारसा जोर लावला नाही. साहेबाच्या गाडीत बसलेला माणूस, ही गोष्ट त्याला चिकटली ती चिकटलीच. त्याला भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, आणि बिऱ्हाड त्यानं तिकडेच हलवलं.

मुलगी चालायला लागली होती तेव्हा एका रविवारी दोघं तिला घेऊन आमच्याकडे आली. तो आणि हे समोरासमोर बसले. चहा निवत चालला तरी कुणी कप उचलेना.

"मी वर सांगून बघितलं होतं," हे म्हणाले.

"ठावं हाय."

"तुझं तिकडे बरं चाललंय?"

"चाललंय."

एवढंच. मी मुलीच्या हातात बिस्किट दिलं, तिनं ते आईला भरवलं, आणि सगळेजण तिच्याकडेच बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघणं जमत नव्हतं. निघताना हे म्हणाले, "गाडीनं सोडतो भोसरीला."

"नको, साहेब," तो लगेच म्हणाला. "बसनं जातो आमी."

त्यावर त्याची बायको म्हणाली, "मी बसते गाडीत. त्या दिवशी डोळं मिटूनच होते मी. रस्ता बघायचाय."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग मुलीला उचलून तो पुढे यांच्या शेजारी बसला. आम्ही दोघी मागे बसलो. रविवार होता, गेट बंद होतं, समोर कुणी नव्हतं. तिनं खिडकीतून बाहेर बघत मला विचारलं, "हितंच का?" मी हो म्हटलं. पुढे दोघं पुरुष रस्त्याकडे बघत होते. भोसरी जवळ आल्यावर त्यानं यांना विचारलं, "दुसरा गिअर अजून निसटतोय?"

"हो," हे म्हणाले.

"वर्कशॉपवर घेऊन या एक दिवस. बघतो."

हे गेले नाहीत लगेच. पण गेले, पुढच्या महिन्यात, गाडी घेऊन, आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.