तीन स्पीकर तिकडे, दोन इकडे

मी विसरत नाही. कोणी मला वाईट बोललं तर बोलताना त्यानं कप कोणत्या हातात धरला होता, तेसुद्धा माझ्या लक्षात राहतं. यजमान म्हणतात हा गुण नाही, खोड आहे. असेल. पण ज्यांना विसरता येतं त्यांना लोक दोनदा बोलतात, हे मी पाहिलेलं आहे.

टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात दोघा भावांनी मिळून सात खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला थोरल्या दिरांनी हौसेनं जालन्याहून पाच स्पीकर आणले, बिनतारेचे. नेटचा डबा मधल्या बोळीतल्या भिंतीवर बसवला. फोनवर गाणं लावलं की हव्या त्या खोलीत वाजायचं, नाहीतर घरभर एकदम. दिरांचा फोन जुना होता आणि जाऊबाईंना असल्या गोष्टींचा कंटाळा, म्हणून सगळी जोडणी माझ्या फोनवर झाली. करून दिली ती पुतणीनं, तेव्हा ती नववीत होती. तिनं मला एक बटणही दाखवलं. ते दाबून बोललं की आपला आवाज पाचही स्पीकरमधून यायचा. स्वयंपाक झाला की मी त्यावरून सगळ्यांना जेवायला हाक मारायचे.

या पोरीबद्दल आधी सांगते. मला मूल नाही, आणि तिनं मला ते कधी आठवू दिलं नाही. तिनं फार माया केली असं नाही. ती माझ्या ताटातलं न विचारता उचलायची, मी लावलेलं गाणं अर्ध्यात तोडून स्वतःचं लावायची, आणि मी रागावले तर उलट तीच फुगून बसायची. पोरी आईशी भांडतात तशी माझ्याशी भांडायची. मला ते फार आवडायचं.

मग एका दिवाळीनंतर वाटणी निघाली. शहागडचे मामा आले, भावकीतले दोन म्हातारे बसले, यादी लिहायला घेतली. पातेली, शिडी, मिक्सर, लोणच्याच्या बरण्या, सगळं कागदावर आलं. खोल्या चार-तीन होणार असं सगळेच धरून चालले होते. तेवढ्यात जाऊबाई दारातून म्हणाल्या, "त्यांना तीन कशाला? ना पोर ना बाळ. दोघांना दोन खोल्या बास झाल्या."

मामा चहाकडे बघत राहिले. माझे यजमान सतरंजीवर बोटानं रेघा ओढत बसले. कागदावर लिहिलं गेलं, पाच आणि दोन. जाऊबाईंचा कप डाव्या हातात होता.

पुतणी त्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईला आजोळी गेली होती. खोल्यांवरून वाजलं, एवढंच तिला कळलं. मीही जास्त सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे कीव करणाऱ्या नजरेनं बघावं असं मला नको होतं.

स्पीकरचीही वाटणी झाली, तीन तिकडे, दोन इकडे. बोळीत भिंत उठली, नेट दोघांत एकच राहिलं. बरण्या मोजणाऱ्या त्या शहाण्यांपैकी एकानंही विचारलं नाही की हे स्पीकर वाजवायचे कुणाच्या फोनवरून. दिरांच्या ते महिन्याभरानं लक्षात आलं. त्यांनी पोरीला सांगितलं, आपल्या फोनवर घे. तिनं दोन दिवस खटपट केल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "काकूच्या फोनशिवाय बिलकुल होत न्हाई." होत होतं. चांगलं होत होतं. पण तिला माझ्याकडून गाणी लावून घ्यायची होती. भिंतीपलीकडून तिचे मेसेज यायचे, हे लाव, ते नको, जल्दी बदल. घरी यायची तिला बंदी होती, हुकूम सोडायची नव्हती.

तिकडचे तीन स्पीकर माझ्या हातात होते, आणि मी काही संत नाही.

जाऊबाई दुपारी दोनला आडव्या व्हायच्या. दोन वाजले की मी त्यांच्या खोलीत अंगाई लावायचे. साधी, पाळण्याची. ना पोर ना बाळ म्हणता काय, मग घ्या, झोपा. आवाज असा ठेवायचे की डोळा लागू नये आणि भांडायला यावं इतका मोठाही वाटू नये. त्यांनी तिथल्या स्पीकरची विजेची पिन काढली की स्वयंपाकघरात लावायचे. तिथली काढली की बैठकीत. तिन्ही काढल्या तर दुसऱ्या दिवशी दीर ओरडायचे, कारण त्यांना पहाटे भजनं लागत आणि ती मी न चुकता लावायचे. त्यांच्याशी माझं वाकडं नव्हतं. यजमान एकदा म्हणाले, "आता बास कर." मी म्हणाले, "तुम्ही सतरंजीवर रेघा ओढा."

संक्रांतीला जाऊबाईंनी हळदीकुंकू केलं. सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, भिंतीअलीकडे नव्हतं. आमच्याकडे एका वाटीत तीळगूळ आला. गोड बोला म्हणे. मी ती वाटी फडताळात ठेवली, बायका जमेपर्यंत थांबले, आणि तिन्ही खोल्यांत एकदम अंगाई सोडली, पूर्ण आवाजात.

भिंतीला कान लावायची गरजच पडली नाही. एकीचा आवाज आला, "काय हो बाई, पाळणा हलून राह्यला म्हणं तुमच्याकडं! सांगितलं बी न्हाई!" मग जो हशा उठला, तो इकडे माझ्या चुलीपर्यंत आला. मीही हसले, पोट धरून हसले. यजमान उठून बाहेर गेले.

दिवेलागणीला, बायका गेल्यावर, जाऊबाई माझ्या दारात आल्या. वाटणीनंतर पहिल्यांदा.

"बंद कर ते. माझी इज्जत घेतली तू चार बायकांत."

"तुम्ही माझी पंचांत घेतल्ती."

मग म्हणाल्या, "काय पाहिजे तुला?"

मी हे उत्तर कितीतरी दिवस घोळवून ठेवलं होतं. फोन पुढे केला, ते हाक मारायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "चुकलं म्हणा. पाचही स्पीकरमधून ऐकू गेलं पाहिजे."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"बोलले ते."

"काय बोलल्या, ते बराबर सांगा. मोघम न्हाई चालणार."

त्यांचा चेहरा पडला. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. खाली बघत त्या म्हणाल्या, "मी म्हणलं, ना पोर ना बाळ, हिला कशाला पाहिजेत तीन खोल्या. ते चुकलं माझं." आणि क्षणभर मागून तेच सगळं माझ्या दोन खोल्यांत आणि भिंतीपलीकडे त्यांच्या तीन खोल्यांत वाजलं. मला इतकं गार वाटलं की सांगता येत नाही. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो कधी घेतलेला नसतो. मी फोन बंद केला. त्या गेल्या. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पलीकडे आईच्या खोलीत, स्पीकरशेजारीच, पोरगी अभ्यास करत बसली होती. ती तिथं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर तिचा एकही मेसेज आला नाही. संध्याकाळी ती स्वतःच आली, आईसमोरून, उघड. मला वाटलं आता भांडेल, माझ्या आईला असं का बोलायला लावलं म्हणेल. त्याची माझी तयारी होती. पण ती हळूच माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "काकू, वाईट वाटून घेऊ नको. मी हाय ना तुला."

ती मला होतीच. आजवर तसं सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती. पंचांसमोर एकदा बोललं गेलेलं ते वाक्य तिच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मी तोंड शिवून बसले होते, आणि मीच ते तिच्या उशाशी वाजवलं होतं. जाऊबाई तर मोघम चुकलं म्हणून सुटायला बघत होत्या.

"काय लावू?" मी विचारलं.

"तुला आवडंल ते लाव," ती म्हणाली.

मी फोन हातात घेऊन बसून राहिले. राग आला होता, पण तो काढावा असं समोर कोणी नव्हतं.