बंदरावर दिलेला शब्द

पीएचडीनंतरच्या माझ्या पोस्टडॉक संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी मला फसवलं. सुकत्या बोंबलांचा वास आला की तो दिवस आठवतो. बोटींचा माग काढणारा माझा संगणक प्रोग्रॅम बघायला सर रेवदंड्याला आले होते. ओल्या बंदरावर, मासळीच्या लिलावात उभे राहून म्हणाले, “शोधनिबंधावर पहिलं नाव तुझंच.” मासळीच्या टोपलीमागून माझी आई म्हणाली, “सायेब, हितं दिलेला शब्द फिरवत न्हाय आमी.” सर हसले. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारी मी, पण लेखी मागितलं नाही. लिलावात आमच्याकडे कुणी लेखी मागतच नाही. निबंध छापला तेव्हा पहिलं नाव दुसऱ्याचंच होतं. संस्थेच्या माहितीपत्रकात मात्र ‘विविधता’ या शब्दाखाली माझा फोटो होता. माझ्या डब्यातल्या माशाच्या वासामुळे प्रयोगशाळेत माझ्याशेजारी कुणी डबा उघडत नसे; आजही मी एकटीच जेवते. आई अजून विचारते, “सायबाच्या शब्दाचं काय झालं?” सर, तिच्या टोपलीपुढे उभे राहा आणि तुम्हीच तिला उत्तर द्या.