भावाच्या गाडीतला खटका

धाकट्या भावाने मोठी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी बाबांना तिच्यात चढता आलं नाही, तेव्हा मला बरं वाटलेलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला न सांगताच कळलं, ती गोष्ट वेगळी.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, बायको, मुलगी आणि बाबा. भाऊ ठाण्याला, माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर. बाबा खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. शाळेला सुट्टी असली की ते मला बरोबर न्यायचे, पाना कसा धरायचा, नट किती आवळायचा ते दाखवायचे. भाऊ तेव्हा लहान, तो आईजवळ घरी राहायचा. पुढे तो शिकला, सॉफ्टवेअरमध्ये गेला. मी आंबिवलीजवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन झालो. टाकीत किती पाणी, नळीत किती दाब हे सांगणारे सेन्सर आणि हवेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, हे माझं काम. घरात हुशारीचा विषय निघाला की बाबा त्याच्याकडे बघायचे, अवजारांचा निघाला की माझ्याकडे. ही वाटणी मला मान्य होती. पण गाडी माझ्या वाट्यातली गोष्ट होती, आणि ती तो घेऊन आला.

रविवारी सकाळी तो आमच्या बिल्डिंगखाली आला. गाडी सेकंडहँड, पण परदेशी आणि इतकी चकचकीत की समोरच्या वाण्याने दुकानातून बाहेर येऊन पाहिली. चारी चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या होत्या. बाबांनी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर तळहात ठेवून दाबून पाहिलं.

"हवेवर आहे," ते म्हणाले. "नंतर नंतर आमच्याकडे दोन बस आलेल्या अशा. बसलं की पाळण्यात बसल्यासारखं."

माझ्या बारा वर्षांच्या छोट्या गाडीबद्दल बाबा एवढंच म्हणत आलेत, "चालतेय ना? मग बास." मडगार्डवर हात ठेवून ते कधी उभे राहिले नव्हते.

मग ते चढायला गेले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. उजवा पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचला, पण अंग वर जाईना. तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी भावाने मागून आधार द्यायला हात लावला तर चिडले. "राहू दे. पुढच्या वेळी बघू." दाराला हलकेच थोपटून ते मागे सरले, आणि मी त्यांची काठी पुढे केली. आतून मला अगदी हलकं वाटत होतं.

त्या हलकेपणाला एक कारण होतं. दर शनिवारी बाबांना ठाण्याच्या एका दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामासाठी न्यावं लागायचं आणि ते मी करायचो. माझी गाडी बुटकी, आत बसताना ते स्वतःला सीटवर सोडून द्यायचे. उतरताना मात्र उठता यायचं नाही. मी दार उघडून वाकायचो, ते दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकायचे आणि आम्ही दोघं "एक, दोन, तीन" म्हणायचो. आमच्याकडे बापाने मुलाला जवळ घेण्याची पद्धत नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवलेला. तर त्या तीन आकड्यांत जे काही मिळायचं ते आठवडाभर पुरायचं, आणि ते भावाला मिळत नव्हतं.

चहा पिताना भावाने विचारलं, "दादा, तुला हवेचं सगळं कळतं ना? ही गाडी थोडी खाली घेता येईल का रे? बाबा बसेपर्यंत. या मॉडेलला बटण नाहीये, गाडी स्वतःच ठरवते किती उंच राहायचं ते."

मी उठून खाली गेलो, गुडघ्यावर बसून चाकामागे टॉर्च मारला. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर, त्याला बोटाएवढी दांडी. गाडी खाली-वर झाली की दांडी हलते, सेन्सर तेवढे व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून गाडीचा कंट्रोलर हवा भरतो किंवा सोडतो. कारखान्यात मी रोज हेच करतो. पाच मिनिटांत माझ्या डोक्यात अख्खं काम तयार होतं.

वर येऊन मी म्हणालो, "नाही होणार. सगळं सीलबंद असतं. हात लावला तर कंट्रोलर उडेल."

"अरेरे," भाऊ म्हणाला. त्याने लगेच विश्वास ठेवला. बाबांनी बशीतला चहा संपवला.

रात्रीची भांडी घासताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सकाळी खाली गेलात तेव्हा तुमचा चेहरा काम सापडल्यासारखा होता. वर आलात आणि नाही म्हणालात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत," ती म्हणाली.

भावाने त्यावर एक घडीची पायरी आणली. दोन-तीन शनिवार मला कारखान्यात शटडाऊनचं काम होतं, म्हणून बाबांना तो न्यायचा. तिसऱ्या शनिवारी उतरताना पायरी कलली आणि बाबा पडले. हाड मोडलं नाही, पण नडगी सोलवटली आणि कोपर सुजलं. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते पलंगावर पाय लांब करून बसलेले, भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर, तोंड पार उतरलेलं. मी त्याच्यावर ओरडलो. म्हातारा माणूस आहे, लक्ष नको? एवढी गाडी काय कामाची? बरंच बोललो. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि त्यात काळजीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं.

भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या इथे एक गॅरेजवाला आहे. तो म्हणतो खटका बसवता येतो. गाडी हवी तेव्हा खाली, हवी तेव्हा वर. मी त्याला देऊ का काम? तू नाही म्हणालेलास म्हणून विचारतोय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

एक अनोळखी माणूस ते करणार, बाबा त्याचं काम बघणार, वायर ओढून पाहणार आणि "बरं केलंय" म्हणणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. भावाचा हेवा कमी होता म्हणून आता त्या गॅरेजवाल्याचाही वाटायला लागला.

"त्याला नको देऊ," मी म्हणालो. "मी परत बघतो."

तीन रविवार लागले. भावाच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये काम केलं. पहिल्या रविवारी वॉचमनने मला गेटवर अडवलं. हातातली अवजारांची पेटी बघून रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाला, "गॅरेज से आये हो? यहाँ लिखो." भाऊ लिफ्टमधून धावत आला, म्हणाला, "अरे, बडे भाई हैं मेरे." वॉचमनने त्याला सलाम केला, मला नाही. भाऊ हसत होता. मीही हसलो.

काम तसं सोपं होतं. सेन्सर आणि कंट्रोलर यांच्या मध्ये मी एक छोटा डबा बसवला. खटका खाली केला की तो डबा कंट्रोलरला सांगणार, गाडी आहे त्यापेक्षा उंच आहे. मग कंट्रोलर हवा सोडणार आणि गाडी चार-पाच बोटं खाली बसणार. खटका वर केला की उलट, म्हणजे पार्किंगच्या चढावर गाडीचं पोट घासणार नाही. मधे ठेवला की गाडी नेहमीसारखी. खाली बसलेली गाडी चुकून कुणी हायवेवर पळवली तर टायर वर घासेल, म्हणून हँडब्रेक ओढलेला असेल तरच ती खाली येईल आणि ब्रेक सोडला की आपोआप उठेल अशी जोडणी केली.

दुसऱ्या रविवारी मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडून वायरी जोडत होतो. भाऊ टॉर्च धरून उभा होता, पण फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता, आणि प्रकाश भलतीकडेच पडत होता. माझ्या हातात शेवटची जोडणी होती. ती मी किंचित सैल ठेवली असती तर महिन्या-दोन महिन्यांत खड्ड्यांनी निसटली असती. गाडीला काही झालं नसतं, फक्त खटका बंद पडला असता, आणि सगळे म्हणाले असते की दादा पहिल्यापासून सांगत होता. मी ती वायर तशी धरून बराच वेळ पडून होतो. शेवटी पक्कड दोनदा दाबून ती पक्की केली. चांगुलपणामुळे नव्हे. बाबा वायर ओढून बघतात, म्हणून.

तिसऱ्या रविवारी भावाने गाडी डोंबिवलीला आणली. बाबा काठी टेकत फाटकापाशी आले. भावाने हँडब्रेक ओढला, खटका खाली केला. फुस्सकन आवाज झाला आणि ती एवढी मोठी गाडी बाबांसमोर हळूहळू खाली बसत गेली. वाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. बाबांनी पाय उचलला, आत ठेवला, दाराची मूठ धरली आणि बसले. स्वतःचे स्वतः. कुणी हात लावला नाही. आत बसल्यावर त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली.

"काय सोय केलीयस रे!"

भाऊ म्हणाला, "बाबा, दादाने केलंय सगळं." पण तेवढ्यात मागे रिक्षावाल्याने हॉर्न मारला आणि त्यांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. मी मागच्या सीटवर बसलो. बाबा पुढे, खिडकीची काच खाली घेऊन, लहान मुलासारखे रस्ता बघत.

त्यानंतर शनिवारी बाबांना भाऊच न्यायला लागला. सकाळी तो माजिवड्याहून येणार, त्यांना नेणार, दुपारी आणून सोडणार. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी चल असंही म्हणेना. ज्या गाडीतून उतरताना बाबांना कुणाच्या गळ्यात हात टाकावे लागत नाहीत, ती मीच तशी करून दिली होती. शनिवारी सकाळी मी बाल्कनीतून बघायचो. गाडी खाली बसायची, बाबा चढायचे, गाडी उठायची, निघून जायची. मग मी घरात येऊन बायकोवर कशावरून तरी खेकसायचो.

एका शनिवारी बाबा परत आले, ते फारच खुशीत. भावाने त्यांना तलावपाळीला नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलेलं. त्याची सोय, त्याची गाडी, त्याची माया असं जेवताना तीनदा झालं. मला राहवलं नाही.

"बाबा, तो खटका मी बसवलाय."

"ठाऊक आहे."

"त्याने सांगितलं?"

"त्यानेही सांगितलं. पण मी आधीच बघितलेलं. डॅशबोर्डखाली हात घालून." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वायर अशी दर दोन बोटांवर बांधायला तुला मीच शिकवलंय. दुसरं कोण बांधणार?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू आधी नाही होणार असं का म्हणालास?"

बायको भाकरी वाढायला आलेली, ती तशीच मागे फिरली. बाबांनी वाट पाहिली, मग स्वतःच बोलले, रागाने नाही.

"हवेवर उभी राहिलेली गोष्ट हवा सोडली की खाली येणार, एवढं मला कळतं रे. बत्तीस वर्षं काय केलं मी? त्या दिवशीच कळलं, तू खोटं बोलतोयस. म्हटलं आज ना उद्या सांगेल. मग पडलो."

"बाबा..."

"मला त्याच्या गाडीत बसायचं होतं. एवढंच होतं. तुझ्या गाडीला मी कधी नावं ठेवली?"

ते हात धुवायला उठले. उठताना टेबलाचा आधार घेतला, माझा नाही. मी ताटाकडे बघत बसलो. आमटी गार झालेली.

त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मला काय दिसलेलं तेही.

"म्हणजे बाबा पडले ते..." तो म्हणाला आणि थांबला.

"हो."

"मी तुला रागावू पण शकत नाही रे," तो म्हणाला. "थोडा रागावलोय." आणि फोन ठेवला.

दोन आठवडे त्याने मला फोन केला नाही. बाबांना घ्यायला यायचा, तेव्हा वर न येता खालूनच हॉर्न द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात वर आला, बायकोच्या हातचा चहा प्यायला आणि जाताना किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "पुढच्या शनिवारी मला जमणार नाही. गाडी ठेवून जातोय, बाबांना तूच ने. आणि एकाआड एक शनिवार तूच नेत जा. मलाही झोप मिळेल."

पुढच्या शनिवारी मी खटका खाली केला. बाबा बसले, पट्टा लावला, म्हणाले, "हळू घे, आपली नाहीये." शिळफाट्याच्या रस्त्याला सगळीकडे खड्डे होते आणि आत एकही लागत नव्हता. बाबा अर्ध्या वाटेत झोपून गेले. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. उलट आता मला नक्की कळलंय कशाचा करायचा ते. गाडी फार सुंदर चालते. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही.