प्रज्ञासाठी टेप केलेला सिनेमा

विचारलंतच म्हणून सांगते, नाहीतर ही फजिती मी आईलाही धड सांगितलेली नाही. लोकांच्या फजितीची बातमी फार तर पुढच्या गल्लीत जाते. माझी अमेरिकेला गेली. आणि तीही मीच कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून पाठवली.

प्रज्ञा माझी एकुलती एक मैत्रीण. मी इतकी हळू बोलते की हजेरीला "उपस्थित" म्हटलं तरी बाई मान वर करून बघतात, खरंच आली आहे का म्हणून. प्रज्ञा माझ्या वाटणीचंही बोलायची. रविवारी आमच्याकडे, लासुर्ण्याला, आम्ही सिनेमा बघायचो आणि मग आठवडाभर त्यावर चर्चा करायचो. म्हणजे चर्चा ती करायची.

मग तिच्या बाबांना अमेरिकेत कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि त्यांच्या घराला कुलूप लागलं. जाताना ठरलं की सिनेमे एकमेकींना पाठवायचे, म्हणजे बघायला दोघी एकत्र असल्यासारखं. माझ्याकडे मैत्री टिकवायचा दुसरा उपाय नव्हता. पत्र लिहायचं तर मी कागदावरही फारशी बोलत नाही.

बारामतीहून एका चांगल्या रडक्या मराठी सिनेमाची सीडी आणून पाठवली. काही दिवसांनी शकूमामींकडे तिचा फोन आला. शकूमामी आमच्या शेजारी. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे, त्यामुळे गल्लीतली सगळी गुपितंही त्यांच्याकडेच.

"अगं, आमचं मशीन तुझी सीडी तोंडात घेतं, जरा चघळतं आणि थुंकून टाकतं," प्रज्ञा म्हणाली.

तिने तिकडची एक पाठवली. आमच्या मशीनने तर चघळलीही नाही. मी ती फडक्याने पुसली, मग साबणाने धुतली. दादाने उलटी घालून बघितली. शेवटी बारामतीच्या दुकानात घेऊन गेलो.

"धुऊन काय व्हणार, ताई?" दुकानदार म्हणाला. "ही डीव्हीडी हाय, आपल्याकडची व्हीसीडी. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या घरात दुसरी पाय ठेवत न्हाय."

"मग व्हिडिओ कॅसेट?" दादाने विचारलं.

"तितला टीव्ही बी निराळा. गाण्याची साधी कॅसेट तेवढी कुठंबी वाजती."

तो सहज बोलून गेला. मी मात्र तेवढंच घेऊन घरी आले.

आता माझी अक्कल बघा. मी ठरवलं, तोच सिनेमा पुन्हा आणायचा, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि सगळा दोन-तीन कोऱ्या कॅसेटींवर टेप करायचा. जिथे नुसतं दिसतं, ऐकू येत नाही, तिथे मी हळूच सांगायचं: आता ती विहिरीकडे निघाली, आता त्याने मान फिरवली. सुरुवातीचा अर्धा तास मी इतकं बोलले की तेवढं मी अख्ख्या आठवीत बोलले नसेन.

मग शकूमामी आल्या. टीव्हीचा आवाज त्यांच्या अंगणात जातो, तो माझा दोष नाही. त्यांच्यामागून आणखी दोघीचौघी आल्या. मी टेपकडे बोट दाखवलं. मामींना वाटलं, तोही त्या मशीनचाच एक भाग आहे. गप्प बसा म्हणायचं धाडस माझ्यात कुठलं?

"ही बाई विहिरीवर बी पैठणी नेसून जाती," मामी म्हणाल्या. "हिला धुणं न्हाय का?"

"सासू बरी हाय की," कोणीतरी म्हणालं.

"बरी? नाक बघा तिचं. डिट्टो पर्ज्ञाची आजी."

हेही अमेरिकेला जाणार होतं. पण खरी फजिती पुढेच होती.

सिनेमा दोन सीडींत होता; पहिली संपली. दुसरी घालायला मी उठले आणि टेप बंद करायचा राहिला. खोलीत शांतता. त्या शांततेत मामींनी विचारलं, "काय गं, पर्ज्ञाबिगर करमतं का तुला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एवढ्या डोळ्यांपुढे कोण खरं सांगेल?

"त्यात काय," मी म्हणाले. "करमतं की."

पाठवण्याआधी एकदा ऐकून बघायला हवं होतं, हो ना? पण स्वतःचा आवाज ऐकायचीही मला लाज वाटते. पार्सल तसंच गेलं.

मग पुन्हा फोन आला. मामी तिथेच गहू निवडत बसल्या.

"आई नुसती शकूमामींसाठीच कॅसेट लावते," प्रज्ञा म्हणाली. "इथल्या मराठी बायकांनाही बोलावून ऐकवली. आजीचं नाक आलं तेव्हा आई हसून हसून रडली."

मला हायसं वाटलं. मग तिचा आवाज एकदम माझ्याइतका हळू झाला. प्रज्ञा आणि हळू!

"तुला करमतं ना? ऐकलं मी," ती म्हणाली. "बरं झालं. मला नाही करमत इथे."

मला सांगायचं होतं की मी डबा एकटी खाते. तुझ्या जागेवर दप्तर ठेवते, म्हणजे तिथे कोणी बसणार नाही. पण मामींचे कान इकडेच होते. डोळ्यांतून मात्र व्हायचं ते झालं.

मामींनी सूप खाली ठेवलं आणि रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "पर्ज्ञा, आगं ही हितं ढसाढसा रडतीया. तुझ्याबिगर पार वाळली बघ पोरगी."

बघा, माझं काम मामींनी एका दमात केलं होतं. मी नुसतं गप्प राहायचं होतं, जे मला जगात सगळ्यात छान जमतं.

पण मी रिसीव्हरजवळ तोंड नेलं, आणि वर्गात पहिल्या बाकापर्यंतही न पोचणारा माझा आवाज त्या दिवशी थेट अमेरिकेत पोचला:

"रडत नाहीये. सर्दी झालीय."