दाजींची वायर

माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जायचे आणि मग घरातल्या माणसांना भेटायचे. यात अतिशयोक्ती असलीच तर एवढीच, की कधी कधी माणसांना भेटायचं राहूनही जायचं. श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते आणि सगळं जग हे एकाच मोठ्या पॅनेलला जोडलेलं आहे, फक्त जोडणाऱ्यानं कामात हयगय केली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या थोरल्या मुलीसाठी, संगीतासाठी, मिरजगावचं एक स्थळ बघायला आम्ही गेलो होतो. चहा आला, पोहे आले, मुलाचे वडील शेतीवाडीचं सांगू लागले, आणि दाजी जागेवर नाहीत. पाहतो तर टीव्ही आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून त्यांचं धोतर तेवढं दिसत होतं. मुलाचा स्वभाव कसा वाटला, असं परतताना एसटीत मी विचारलं, तर म्हणाले, "पावणं, मानसं चांगली हायत. घराला अर्थिंग येवस्थित केल्यालं हाय." त्या एका गोष्टीवर त्यांनी मुलगी द्यायचं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर जावई चांगलाच निघाला.

दाजींच्या गावात केबल आलेली नव्हती त्या काळातली ही गोष्ट. दाजींनी कुठून तरी एक जुना व्हीसीआर आणला. एवढ्यावर कुठल्याही माणसाचं समाधान झालं असतं. पण आपण सिनेमा बघतोय आणि दोन गल्ल्यांपलीकडे राहणारा थोरला भाऊ बघत नाही, हे काही दाजींना सोसेना. त्यांची आईही थोरल्या भावाकडेच असायची. मग एका सुट्टीत त्यांनी आपल्या व्हीसीआरपासून काळी वायर काढली, ती पिंपळाला टेकवत, शाळामास्तरांच्या पत्र्यावरून नेत, भावाच्या घरात उतरवली. वाटेत मास्तर म्हणाले, "माझ्या पत्र्यावरून नेताय तर मला एक फाटा द्या." मग मास्तरांना फाटा, मास्तरांच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला फाटा. अशी चार घरं एका व्हीसीआरला जोडली गेली आणि त्या चार घरांचं स्वातंत्र्य संपलं. कारण कॅसेट एकच, आणि ती दाजींच्या हातात. इकडे दाजींना तंबाखू मळायची लहर आली की चार घरांत नायिका तोंड उघडून थांबायची. गिरणीवाल्याकडे गिऱ्हाईक आलं की तो गिरणीच्या दारातूनच ओरडायचा, "थांबवा हो, दळण आलंय!" आणि दाजी खरोखरच थांबवायचे. मास्तरांच्या बायकोला मारामारी आवडत नसे, म्हणून मारामारी आली की दाजी कॅसेट पळवत. त्यामुळे त्या चार घरांना कितीतरी सिनेमांत खलनायक अचानक का शहाणा झाला, हे आजवर कळलेलं नाही.

एवढी लांब वायर म्हटल्यावर बिघाड आलेच. कधी पडद्यावर मुंग्या यायच्या, कधी चित्र वरवर सरकत राहायचं, कधी एकाच माणसाच्या शेजारी त्याची सावली उभी राहायची. फोन कुणाकडेच नव्हता. त्यावर दाजींनी ताटाची युक्ती काढली. भावाच्या घरी वहिनींनी दारात उभं राहून पितळी ताट वाजवायचं. एक टोला म्हणजे चित्र आलं, दोन म्हणजे गेलं, तीन म्हणजे चित्र आहे पण आवाज नाही. दाजी पत्र्यावर, झाडावर, कुठे असतील तिथून ऐकून जोड हलवायचे. वहिनी जरा हळव्या होत्या. पडद्यावर कुणी रडायला लागलं की त्यांचा हिशेब चुकायचा आणि त्या ताट वाजवायचंच विसरायच्या. दाजी पत्र्यावर उन्हात तासभर. खाली उतरून म्हणायचे, "वहिनी, रडायचं तर रडा, पन येका हातानं ताट वाजवा."

संगीताचं लग्न ठरलं, तारीख निघाली, आणि लग्नाला सव्वा महिना उरला असताना दाजींची आई अंगणात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाजेवरून उठवायचं नाही, हिसका बसता कामा नये. लग्न होतं शाळेच्या पटांगणात, म्हातारीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण हाकेचं अंतरही मोडक्या हाडाला फार. लग्न पुढे ढकलू या, असं दाजी म्हणाले तर म्हातारीच रागावली. "माज्यापायी पोरीचं लगीन म्होरं ढकलता व्हय? करा. मला मागनं येऊन सांगा कसं झालं ते." एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिच्या मांडीवर वाढलेली ती पहिली नात. दाजी बाजेच्या कडेला बसले. मग उठताना म्हणाले, "सांगायचं कशापायी? आई, तुला हितं बाजंवर लगीन दावतो."

त्या दिवसापासून मुलीचा बाप लग्नघरातून गेला तो गेलाच. बस्त्याला ताई आणि मी गेलो. पत्रिका मी वाटल्या. आचाऱ्याशी ताई बोलली. दाजी नगरहून आलेल्या व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्याचा आणि आपल्या व्हीसीआरचा विवाह लावण्यात गुंतले होते. व्हीसीआर उचलून पटांगणात आणायचा, कॅमेरा त्याला जोडायचा, आणि तिथून पुढे जुनीच वायर लांबवून थेट म्हातारीच्या बाजेसमोरच्या टीव्हीत. ताई एकदा भडकलीच. "लग्न पोरीचं आहे का वायरीचं?" दाजी शांतपणे म्हणाले, "पोरीचं जुळलंय. वायरीचं जुळायचंय."

आदल्या दिवशी दुपारी चाचणी झाली. कॅमेरा रिकाम्या मांडवाकडे लावला. तिकडून एक टोला आला तशी दाजींनी धूम ठोकली आणि आईपाशी जाऊन उभे राहिले. मीही मागून गेलो. पडद्यावर मांडव होता, बोहल्याची जागा होती आणि बरोबर नवरदेवाच्या जागी एक कुत्रं आरामात बसलं होतं. म्हातारी डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "कुत्रं लई झ्याक दिसतंय रं." पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं वहिनी म्हणाल्या.

लग्नाचा दिवस. साडेबाराचा मुहूर्त. दाजी भगवा फेटा बांधून, नवं धोतर नेसून व्हीसीआरपाशी उभे. मी संगीताचा मामा, तिच्या पाठीशी उभा. अंतरपाट धरला गेला, हातात अक्षता आल्या, आणि तेवढ्यात लांबून, म्हातारीपाशी थांबलेल्या वहिनींच्या ताटाचे दोन टोले ऐकू आले. पुन्हा दोन. वाजंत्रीवाल्यांना वाटलं कुणी तरी हौशी आहे. मी दाजींकडे पाहिलं तर तिथे दाजी नव्हते. वायर जिकडे जात होती तिकडे धोतराचा सोगा हातात धरून ते पळत सुटले होते. भटजी म्हणाले, "मुलीचे वडील कुठे आहेत? मुहूर्त थांबत नसतो." ताईनं कपाळाला हात लावला. मग काय वाटलं कोण जाणे, भटजींना म्हणाली, "सावकाश म्हणा. मास्तरीणबाईंनीही मंगलाष्टकं रचून आणलीत, ती पण होऊ द्या." आणि मास्तरीणबाईंनी कागद काढला. चारी पानं भरलेला.

मी उंच असल्यामुळे मला मांडवाच्या कनातीवरून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं. शिडी लागली होती आणि शिडीवर दाजी. नंतर कळलं ते असं, की मांडववाल्याच्या एका माणसाला कर्णा झाडाला बांधायला दोरी कमी पडली. लोंबती काळी वायर दिसली, त्यानं दोन हात कापून घेतली. आता उरलेली दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. जोरानं ओढली तर कशीबशी भेटत होती; बांधायला मात्र पुरत नव्हती. तेव्हा दाजी शिडीच्या वरच्या पायरीवर गुडघे रोवून उभे राहिले, एका हातात एक टोक, दुसऱ्या हातात दुसरं, आणि छातीसमोर दोन्ही ओढून तारेला तार चिकटवून धरली. ताटाचा एक टोला आला. मास्तरीणबाई दुसऱ्या पानावर होत्या.

संगीतानं बापाविषयी हळूच विचारलं, "मामा, अण्णा कुठायत?" मी तिला मानेनं झाड दाखवलं. तिला काही दिसलं नसावं. पण बाप झाडावर आहे एवढं तिला कळलं आणि अंतरपाटाआड ती हसू लागली आणि रडूही लागली. सावधान झालं, अक्षता पडल्या, ताशा कडाडला, हार घातले. झाडाखाली गिरणीवाला जाऊन म्हणाला, "द्या दाजी, मी धरतो, तुम्ही मांडवात जा." वरून उत्तर आलं, "हात हालला तर आईला मुंग्या दिसतील. तू जा, जेवून घे." जावयाचे लोक विचारत होते, व्याही कुठे? ताई म्हणाली, "कामात आहेत." लाजाहोम झाला, सप्तपदी झाली. मगच दाजी खाली आले. तळव्यांत तारेच्या रेघा उमटल्या होत्या.

नवरानवरी पाया पडायला म्हातारीकडे गेली, तेव्हा आम्ही सगळेच गेलो. तिनं नातीचं तोंड कुरवाळलं, शालूचा रंग सांगितला, कुणाचा फेटा सुटला, कोण जांभई देत होतं, सगळं सांगितलं. मग दाजींकडे वळून म्हणाली, "समदी दिसली. तू तेवढा दिसला न्हाईस. पोरीवर अक्षता पडताना बापानं म्होरं उभं ऱ्हावं का न्हाई?" एरवी साध्या फ्यूजवर अर्धा तास बोलणारे दाजी. "हुतो की आई. तितंच हुतो," एवढंच म्हणाले आणि हात पाठीमागे घेतले. आम्हीही कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी डोळ्यानंच तसं बजावलं होतं.

म्हातारी त्या बाजेवरून पुन्हा उठली नाही. पण उन्हाळाभर तिला रोज दुपारी लग्नाची कॅसेट लागायची, आणि तिच्यासोबत चार घरांनाही. कुणी तक्रार केली नाही. गिरणीवालासुद्धा 'थांबवा' म्हणाला नाही. मी एकदा सुट्टीत गेलो होतो, तेव्हा तिच्या बाजेपाशीच बसून ते लग्न पाहिलं. कॅसेट संपली. पडदा निळा झाला. म्हातारी तशीच पडद्याकडे बघत राहिली आणि वहिनींना म्हणाली, "त्याला सांग, आनिक येकदा लाव म्हनावं. गर्दीत कुठंतरी आसंल त्यो. माजीच नजर चुकत आसंल."