आधी उत्तरं देणाऱ्या मॅडम

आमच्या अतिथी मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी प्रश्न विचारायच्या नाहीत. समाजशास्त्राच्या प्राध्यापिका, हातात छापील प्रश्नावली, मागे आम्ही आठ-दहा पोरी पेन उघडून तयार, आणि मॅडम खाटेवर बसून शांतपणे पाणी पीत आहेत. घरच्या बाईनं काही विचारेपर्यंत त्या थांबायच्या. माळव्यात फार थांबावं लागत नाही. "कहाँ की हो?" पासून निघालेली गाडी "कौन जात?" आणि "बच्चे कित्ते?" करत "शादी टिकी क्यों नी?" इथवर पाच मिनिटांत पोचते. मॅडम सगळ्याची खरीखरी उत्तरं द्यायच्या. धारची आहे, मराठी ब्राह्मण आहे, लग्न केलं होतं, दोन वर्षांत मोडलं, वडील म्हातारे आहेत आणि त्यांना आता नीट दिसत नाही. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मॅडमना काही म्हणजे काही व्हायचं नाही. बाहेर पडल्यावर म्हणायच्या, "ज्यानं आपलं दार उघडलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या घरात डोकावू नये."

अतिथी हे काही आम्ही ठेवलेलं नाव नव्हे. आमच्याकडे सरकारी कॉलेजात जे कायम नसतात, त्यांना 'अतिथी विद्वान' असंच म्हणतात. कायम माणूस बदलून आला की अतिथीनं आपली पिशवी उचलायची. मॅडम देवासला अकरा वर्षं अशा अतिथी होत्या. "इतके दिवस तर जावईसुद्धा पाहुणा राहत नाही गं," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. त्या हसल्या की आम्हीही हसायचो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही हे कळण्याचं आमचं वय नव्हतं.

मी समाजशास्त्र मेजर घेतलं ते काही समाजाचा कळवळा होता म्हणून नाही. ऑनलाइन फॉर्म भरताना माझी मैत्रीण रीना म्हणाली, "ये भर दे, इसमें सब पास हो जाते हैं," आणि मी भरलं. आमचं घराणं दरबाराबरोबर इकडे आलेल्या शिंप्यांचं. पणजोबांनी राजाचे अंगरखे शिवले, बाबांनी शाळेचे गणवेश, आणि पुढे तयार कपड्यांच्या दुकानांनी बाबांची मशीनच बंद पाडली. तेव्हापासून आई चार घरी पोळ्या करायला जायची. अंगरख्यांची गोष्ट मी कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली. पोळ्यांची कुणालाच सांगितली नाही, रीनालासुद्धा नाही.

मॅडम वर्गात हिंदी बोलायच्या आणि व्हरांड्यात माझ्याशी मराठी. ते मराठीही असं, की माझ्या आईला जुन्या पत्रांतलं वाटावं. "तुझे तीर्थरूप कसे आहेत?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी देवस्थानाबद्दल विचारतायत. शिकवायच्या मात्र अगदी घरातलं. देवास हे एक गाव, त्याचे दोन राजे, रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती आणि त्या अंगाला धाकटी, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मॅडम म्हणाल्या, राजे गेले, पण तुमच्या आळीतल्या सोयरिकी बघा, त्या अजून कुठला रस्ता ओलांडत नाहीत ते मोजून आणा. आम्ही मोजून आणलं आणि आठवडाभर आपापल्या घरच्यांकडे संशयानं बघत राहिलो. "समाज म्हणजे दुसरे लोक नव्हेत," हे त्यांचं लाडकं वाक्य. माझ्या आईबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी आम्हाला उदयनगरला नेलं. जंगलातलं गाव, घरं लांब लांब, ऊन मी म्हणत होतं. प्रत्येकीनं सहा घरांच्या प्रश्नावल्या भरायच्या होत्या. रीना आणि मी बस थांबते तिथल्या हॉटेलात बसलो, कचोरी मागवली आणि बारा घरं जागेवर उभी केली. माणसं, गुरं, शेत, आजारपणं, सगळं आम्ही मोठ्या उदारपणे वाटून टाकलं. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावून माझे सहाही कागद टेबलावर मांडले. प्रश्नावलीत त्यांनी स्वतः घातलेला एक प्रश्न होता, गेल्या महिन्यात घरी कोण पाहुणा आला? मी सहाही घरांत लिहिलं होतं, कुणी नाही.

"सहा घरं, आणि महिनाभर एकाही घरी पाहुणा नाही. कुठल्या मुलखात गेली होतीस गं?" मॅडम म्हणाल्या. "खोटं घर लिहिताना माणसं सुचतात, गाय-बैल सुचतात. पाहुणा कुणाला सुचत नाही."

रागावल्या नाहीत. रीनाला कोरे कागद दिले. मला म्हणाल्या, "रविवारी मी येते तुझ्याबरोबर." आपली सुट्टी, धारला वडिलांकडे जायचा दिवस, तो त्यांनी माझ्या खोटेपणापायी घालवला. पहिल्याच घरी एक म्हातारी ज्वारी निवडत होती. मॅडम या खेपेला मुद्दाम मागे बसल्या. म्हातारीनं मला गाव विचारलं, जात विचारली, मग विचारलं, "थारी माँ कईं करे?"

मी म्हटलं, "कुछ नहीं करती. घर पे रहती है."

म्हातारीनं मान हलवली आणि माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. तिचा मुलगा धामनोदच्या ढाब्यावर भांडी घासतो, हेसुद्धा तिनं काही न लपवता सांगितलं. परतीच्या बसमध्ये मॅडमनी माझे कागद मोजून पिशवीत ठेवले. मग म्हणाल्या, "बाई किती सरळ बोलल्या, नाही?" आणि थोड्या वेळानं, "तिसऱ्या वर्षीचा प्रोजेक्ट तू आपल्या आईवर कर. घाई नाही. मनात येईल तेव्हा आधी मला सांग." मी बरं म्हटलं. मनात येईल तेव्हाचं माणूस लवकर मनावर घेत नाही. मी तर वर्षभर एक सोडून तीन दुसरे विषय शोधून ठेवले होते.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कायम सर बदलून आले आणि मॅडमना चार दिवसांत जावं लागलं. मी बसस्टँडवर गेले. दोन पिशव्या, एक प्रेशर कुकर आणि पुस्तकांची गोणी, एवढा अकरा वर्षांचा संसार. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. "मॅडम, माझी आई..." एवढं म्हटलंही. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "मैडम, बोरी ऊपर चढेगी," आणि आम्ही दोघी गोणीला लागलो. बस हलली तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "लिही. मी वाचीन." मला हायसं वाटलं, याची लाज मला आजही वाटते.

मग खरंच लिहिलं. आईच्या मागे मागे हिंडून लिहिलं. किती वाजता निघते, कुठल्या घरी पुढच्या दारानं जाते आणि कुठल्या मागच्या, कुणाकडे चहा मिळतो आणि तो कुठल्या कपात. नव्या सरांनी पानं न उलटता शेवटी सही केली आणि चांगले गुण दिले. मॅडमना फोन करावासा रोज वाटायचं. पण ही काही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, परीक्षा संपली की धारला जाऊन हातात देऊ, असं म्हणत मी थांबले. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅडमचा फोटो आला, हार घातलेला. आजार त्यांना देवासपासूनच होता म्हणे. कुणाला बोलल्या नव्हत्या.

पेपर दिला. काय लिहिलं आठवत नाही. संध्याकाळी आई कणीक मळत होती, तिच्यासमोर बसून मी प्रोजेक्ट मोठ्यानं वाचायला घेतला. आणखी कुणाला वाचून दाखवणार होते? आई खाली मान घालून ऐकत होती. दुसऱ्या पानावर तिनं मला थांबवलं.

"चार नाही बेटा, पाच घरं."

"पाचवं कुठलं?"

"मॅडमबाईंचं. तू कॉलेजात लागलीस तेव्हापासून, त्या गाव सोडून जाईपर्यंत. सकाळी सातला जायची. चार पोळ्या अन् एक भाजी."

मला ती त्या वेळी टेकडीवर देवीला जाते असं वाटायचं. तिनंच तसं सांगितलं होतं.

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुला कुठे आवडलं असतं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी पहिल्याच दिवशी त्यांना म्हटलं, पोरगी तुमच्याच वर्गात आहे, तिला पता लागू देऊ नका. तर त्या म्हणाल्या, ताई, मी नाही बोलणार, तिलाच सांगू दे. मी मधे मधे विचारायची, सांगितलं का हो तिनं? म्हणायच्या, अजून नाही, पण सांगेल. हुशार आहे तुमची मुलगी."

म्हणजे उदयनगरला, त्या म्हातारीच्या अंगणात, माझ्या मागे बसलेल्या मॅडमना सगळं ठाऊक होतं. आणि मी तिथं काय उत्तर दिलं, ते त्यांनी आईलाही कधी कळू दिलं नाही.

आईनं गोळा करायला घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "शेवटी सांगितलंस ना तू त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "राहून गेलं."

आईनं तवा चढवला. मी पेन घेतलं आणि दुसऱ्या पानावर चारचे पाच केले. वाचायला मॅडम हव्या होत्या.