डॉक्टरांच्या गाडीवरची गंगी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. मेंढी रानातून फिरून आली की तिच्या लोकरीत गोखरू अडकलेले असतात ना, तसे ते आपोआप चिकटत जातात. आम्ही जनावरांच्या दवाखान्यातली माणसं तर दिवसभर बांधाबांधानं हिंडतो, मग आमच्याकडे किती साठत असतील विचार करा! पण आमच्यातले चौघे कुठंही चहाला बसले, तरी विषय फिरून फिरून काळोखे डॉक्टरांच्या सीटवर येतो. सीट म्हणजे मोटारसायकलची. गैरसमज नको!

*

काळोखे डॉक्टर म्हणजे आमचे साहेब. राहायला बारामतीत, नोकरी इंदापूर तालुक्यात आणि जीव गाडीवर. विताना अडलेली गाय सोडवायला बोलावणं आलं की हातातला घास ताटात ठेवून निघणारा माणूस. इथल्या रस्त्यांच्या खड्ड्यांनी त्यांचा मणका खाल्ला. एमआरआय झाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "गाडी विका."

वहिनी शाळेत बाई आहेत. त्यांनी शाळेतल्यासारखी मुदतच दिली. "दिवाळीपर्यंत कंबर दुखायची थांबली नाही, तर गाडी विकायची आणि इंदापूरच्या ऑफिसात टेबलाचं काम मागायचं!"

टेबल म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. बदलीच्या ऑर्डरला कधी न घाबरलेला माणूस खुर्चीला घाबरला! मग सुरू झाले प्रयोग. फोम झाला, जेलची गादी झाली, रिक्षाची फुगवलेली ट्यूब झाली. ट्यूबवर बसून ते भिगवणपर्यंत गेले आणि तिथं ती फुटली. आवाजानं एका म्हशीनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना; तिच्यावर इलाजही साहेबांनाच करावा लागला.

*

कऱ्हाटीला म्हाळूआबा म्हणून मेंढपाळ आहेत. त्यांच्या कळपाची पुढारीण होती गंगी. आई मेली म्हणून आबांनी बाटलीवर वाढवलेली मेंढी. ती पाय उचलायची, मग सगळा कळप पाय उचलायचा. साहेबांनी तिला मरणाच्या दारातून एकदा नाही, दोनदा ओढून आणलं होतं. शेवटी म्हातारी होऊन गेली. आबांनी तिचं कातडं मीठ-तुरटी लावून स्वतः कमावलं आणि विकलं मात्र नाही.

साहेब कंबर धरून गाडीवरून उतरताना आबांनी पाहिलं. आत पालात गेले, कातडं घेऊन आले आणि लोकरीची बाजू वर करून सीटवर बांधलं.

"आबा, अहो हे कशाला? तुमच्या गंगीचं आहे ते."

"म्हून तर दिलं. तुमी तिला सांभाळली. आता तिला तुमाला सांभाळू द्या की!"

त्या दिवशी साहेब बारामतीत उतरले ते दोन्ही हात मोकळे ठेवून. आम्ही दारातच उभे होतो. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा एवढे स्पीडब्रेकर ओलांडले आणि कुणाच्या आईबापाचा उद्धार केला नाही!"

आम्ही थक्क. चार इंचांच्या लोकरीनं हाडांच्या डॉक्टरांना मागं टाकलं होतं.

*

घरी मात्र वेगळीच तऱ्हा. वहिनी माळकरी घरातल्या. मेंढीचं कातडं म्हटल्यावर त्यांनी उंबऱ्यात आडवा हात लावला.

"ते घरात येणार नाही. एक तर ते, नाहीतर मी!"

साहेब जरा जास्तच वेळ विचार करत राहिले. तेवढ्यावरून घरात आठवडाभर मुगाची खिचडी झाली. शेवटी तह ठरला. कातडं फाटकाबाहेरच्या खिळ्यावर राहील आणि ते हाताळून साहेब घरात आले की आधी साबणानं हात धुतील. वहिनींना कधी गाडीवर बसायची वेळ आलीच, तर त्या आधी कातड्यावर स्वतःचं पंच्याचं फडकं अंथरत आणि मग बसत. साहेब म्हणायचे, "आमच्या लग्नातही मध्ये अंतरपाट एवढा वेळ नव्हता!"

*

आमचा परिचर शितोळे मनानं फार चांगला. त्याच्या चांगुलपणाची आम्हाला सगळ्यांनाच धास्ती वाटते. साहेब मीटिंगला गेलेले पाहून त्यानं कातडं सोड्याच्या पाण्यात भिजवलं, पावडर लावून ब्रशनं घासलं आणि पत्र्यावर कडक उन्हात टाकलं. साहेब आले तेव्हा कातड्याचा पापड झाला होता. टिचकी मारली तर वाजत होतं!

  शितोळे रडकुंडीला येऊन स्वतःच कातडं घेऊन कऱ्हाटीला गेला.

आबांनी त्याला बोल लावला नाही. करडईचं तेल घेतलं आणि कातड्याच्या मागच्या बाजूनं चोळत बसले. तेल मुरलं की पीठ मळल्यासारखं मळायचं, ताणायचं, पुन्हा तेल. ऊन उतरेपर्यंत ते म्हातारे हात थांबले नाहीत. शितोळे सांगतो, मळताना आबा तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते मात्र त्यानं आजवर आम्हाला सांगितलेलं नाही.

परत आलं ते लोण्यासारखं मऊ. आबांनी निरोप पाठवला होता, "पोराला रागवू नका. फकस्त साबणाची पावडर त्याच्यापासनं लांब ठेवा!"

*

मग आम्हा सगळ्यांनाच लोकर हवीशी वाटली. हायवेवरच्या सीटकव्हरवाल्यानं आमच्या उत्साहाला पांढरीशुभ्र, केसाळ कव्हरं घातली. "ओरिजिनल!" म्हणाला. होतं नायलॉन.

एप्रिलमध्ये इंदापूरच्या उन्हात गाड्या लावून आम्ही लसीकरणाला गेलो. परत येऊन मी सीटवर बसलो आणि बसल्या पावली उठलो. जे भाजलं ते इथं लिहिण्यासारखं नाही! शितोळेच्या कव्हरचे केस तर वितळून एकमेकांना चिकटले होते.

साहेबांची गाडी त्याच उन्हात उभी होती. त्यांनी शांतपणे बूड टेकलं. मी हात लावून पाहिला. गंगी गार होती. मी पुन्हा हात लावून पाहिला.

"अरे, लोकर आहे ती," साहेब म्हणाले. "मेंढी काय एसीत राहते?"

*

आता एका एडक्याची, म्हणजे मेंढ्याची, गोष्ट. इंदापूरच्या बाजाराचा दिवस, साहेबांनी गाडी झाडाखाली लावलेली. बाजारातून एक शिंगाळ एडका दावं तोडून सुटला. एवढी गर्दी, एवढ्या शेळ्या-मेंढ्या, पण गडी सरळ आला तो गाडीपाशी. सीट हुंगली, मान वर करून ओठ मुडपला, गाडीला एक फेरी मारली. गाडी काही प्रतिसाद देईना. मग मागं सरकला आणि दिली धडक!

गाडी आडवी. मालक धापा टाकत आला, पण माफी मागायची सोडून म्हणतो कसा, "डॉक्टर, एडक्याची चूक न्हाय. तुमी गाडीच अशी नटवून आणली!"

सगळा बाजार हसला. साहेबही हसले आणि हसत हसत गाडी उचलायला वाकले. तिथंच घात झाला. कमरेत अशी उसण भरली, की त्यांना टेम्पोत आडवं टाकून बारामतीला आणावं लागलं.

वहिनींनी दिवाळीची वाट पाहिली नाही. साहेब हिंडू-फिरू लागताच त्यांनी गाडीला गिऱ्हाईक ठरवलं. सोमवारी सकाळी येऊन तो गाडी नेणार होता. साहेबांनी मान हलवली. एवढंच म्हणाले, "रविवारी भिगवणच्या लग्नाला मात्र गाडीवर जाऊ. शेवटचं."

*

त्या रविवारी वहिनी फडकं अंथरून साहेबांच्या मागं बसल्या होत्या आणि मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागंच होतो. लग्न लागलं, जेवणं झाली आणि साहेबांचा फोन वाजला. म्हाळूआबा. चाऱ्यासाठी कळप घेऊन ते डाळजच्या बाजूला उतरले होते. वर पाऊस झाला होता, धरणामागं साठलेलं फुगवट्याचं पाणी चढत होतं. कळप एका उंचवट्यावर अडकला होता आणि मधल्या पायवाटेवर पाणी आलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी माणसाच्या गुडघ्याखालीच होतं. पण पाणी दिसलं की मेंढी पाऊल टाकत नाही. आबांनी कोकरं उचलून अलीकडं आणली होती. एका मेंढीला ओढत आणलं, ती हात सुटताच माघारी पळाली. आबांचा आवाज बसला होता.

"गंगी असती तर..." आबा म्हणाले.

साहेबांनी गाडीला किक मारली.

"अहो, कंबर!" वहिनी ओरडल्या.

"तू उतर खाली."

"मी उतरले तर तुमची कंबर कोण धरणार?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांना घट्ट धरलं आणि गाडी पाण्यात शिरली.

पलीकडं जाऊन साहेबांनी गाडी वळवली, कळपापुढं उभी केली. मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. अलीकडून आबांनी फाटक्या आवाजात हाक दिली, "वैनी, त्ये फडकं काढा जरा!"

वहिनींनी क्षणभर इकडं पाहिलं. मग अर्धवट उठून अंगाखालचं फडकं ओढून काढलं, कमरेला खोचलं आणि तशाच लोकरीवर बसल्या.

साहेबांनी पहिला गिअर टाकला. गाडी पाण्यात उतरली. एका मेंढीनं मान वर केली. पुढं आली, सीटला नाक लावलं आणि पाण्यात पाय टाकला. तिच्या मागं दुसरी. मग सगळा कळप! ना हाक, ना काठी. डुगडुगत चाललेली एक मोटारसायकल, तिच्यामागं पाण्यातून आवाज न करता येणाऱ्या मेंढ्या. मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

सगळ्या अलीकडं आल्या. आबा गाडीपाशी गेले, भिजलेल्या लोकरीवर हात ठेवून म्हणाले, "बास, गंगे. थांब आता."

कळप थांबला.

 बारामतीत फाटकाशी आल्यावर मी कातडं सोडलं आणि नेहमीसारखं बाहेरच्या खिळ्यावर टांगायला गेलो. वहिनी दार उघडत होत्या. वळून म्हणाल्या,

"अहो, तिला बाहेर कशाला ठेवताय? ओली झालीय गंगी. आत घेऊन या. आणि त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगा, गाडी द्यायची नाही म्हणावं."